‘अर्धवट भाजलेले कप’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्टोनवेअर (उच्च तापमानाला घट्ट भाजलेल्या मातीच्या) कपांच्या जोडीविषयी आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. ग्लेझ (काचेसारखा लेप) नसलेले आणि एकदाच भाजलेले हे कप अर्धवट आहेत, दुसरी भाजणी पैसे वाचवण्यासाठी टाळली आहे, अंगावरचे तांबडे पट्टे जळल्याचे डाग आहेत आणि तळाने टेबलावर ओरखडे उठतात, असे आपले म्हणणे आहे.

ग्लेझची भांडी सहसा दोनदा भाजतात. त्यातली सुमारे ९०० ते १००० अंशांची पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, मुख्यतः ग्लेझच्या सोयीसाठी असते. कच्चे भांडे ग्लेझच्या पातळ मिश्रणात बुडवल्यास ढासळू शकते, भाजलेले मात्र पाणी शोषून थर धरते. ज्याला ग्लेझच लावायचे नाही, त्याला ही पायरी लागत नाही. इंधन वाचते हे खरे आहे आणि त्याचे आम्हाला समाधानच आहे, परंतु सारी जोखीम त्या एकाच भाजणीवर येते. अंगात ओलावा उरला तर वाफेने भांडे फुटते. ५७३ अंशांवर मातीतील क्वार्ट्झ एकाएकी प्रसरण पावतो. आणि मातीतील सेंद्रिय अंश ९०० अंशांच्या सुमारास पुरता जळून गेला नाही, तर पुढे छिद्रे मिटल्यावर आत कोंडलेल्या वायूने फोड येतात. म्हणून भट्टी सावकाश चढवावी लागते. १२५० अंशांच्या आसपास माती स्वतःच घट्ट मिटते, त्यामुळे हा कप माठासारखा पाझरत नाही.

तांबडे पट्टे आम्ही मुद्दाम उमटवतो. भाजण्यापूर्वी कपाभोवती भाताचा पेंढा गुंडाळलेला असतो. त्यातील पोटॅशियम आणि मातीतील लोह यांच्या क्रियेतून हा रंग येतो. ही रीत जपानच्या ओकायामा प्रांतातील बिझेनची. तेथे शतकानुशतके ग्लेझशिवाय भांडी भाजली जातात आणि या पट्ट्यांना ‘हिदासुकी’ म्हणतात. पेंढा जसा बसेल तशी रेघ उमटते, म्हणून जोडीतले दोन कप सारखे नसतात. विक्रीच्या छायाचित्राखाली तसे लिहिलेले आहे.

राहिला तळ. आमच्या मातीत भरड कण असतात आणि घासूनही थोडा खरखरीतपणा उरतो. काचेच्या किंवा पॉलिश केलेल्या टेबलावर तो जाणवणारच. बारीक वॉटर पेपर ओला करून त्यावर तळ फिरवल्यास तो गुळगुळीत होतो. कप कार्यशाळेत आणून दिल्यास आम्ही हे काम विनामूल्य करून देऊ, आणि तरीही ते नकोसे वाटले, तर परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ.

आपला,
कार्यशाळाचालक