"वरची कोरलं मेली तरी खालून परत येतील" हा मेसेज फिरवणाऱ्यांसाठी

चार ग्रुपवर एकच मेसेज आलाय: कोरलं (प्रवाळ) पांढरी पडतायत म्हणून घाबरू नका, कोरल खोल अंधारातही वाढतं, तिथलं पाणी थंडच राहतं आणि वरची मेली तरी खालची येऊन जागा भरतील. वाचून बरं वाटतं, पण तिन्ही गोष्टींत घोळ आहे.

अंधारातली कोरलं असतात हे खरंय. नॉर्वेजवळ 300-400 मीटर खोल रॉस्ट रीफ (रीफ म्हणजे कोरलांनी बांधलेली खडकासारखी रांग) आहे, 2002 ला सापडलेलं, आणि ते लोफेलिया नावाच्या कोरलने बांधलंय. पण लोफेलियाच्या अंगात शैवाल नसतं, ते पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव पकडून खातं. लक्षद्वीपला आपण बघतो त्या कोरलांचं बहुतेक अन्न त्यांच्या अंगातलं शैवालच बनवतं, त्याला ऊन लागतं, आणि पाणी तापलं की हेच शैवाल निघून जातं, ब्लीचिंग म्हणतात ते हेच. मग लोफेलियाचं उदाहरण इथे कसं लागू होणार?

बरं, उन्हावर जगणारी कोरलं किती खोल जातात? फ्रेंच पॉलिनेशियात लेप्टोसेरिस नावाचं कोरल 172 मीटरवर सापडलंय, पण ते मिळेल तेवढा उजेड पकडायला पातळ ताटलीसारखं आडवं पसरतं. जोमाने रीफ उभं राहतं ते बहुतेक वरच्या 30-40 मीटरमध्ये, आणि पाणी गढूळ असेल तर त्याहूनही वरच. आपली आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं पठार, कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, नितळ पाण्यात आहे, म्हणून तिथे 20 मीटरवरही कोरलं दिसतात.

खाली थंडच असतं हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. 2016 मध्ये ग्रेट बॅरियर रीफला खालून येणाऱ्या थंड पाण्याने सुरुवातीला खोलवरची कोरलं वाचवली, पण ते पाणी यायचं थांबलं आणि 40 मीटरवरही ब्लीचिंग झालं, वरच्यापेक्षा कमी पण झालंच. आणि 2019 ला मालदीवच्या दक्षिणेच्या चागोस बेटांजवळ तर उलटंच झालं, वरची कोरलं ठीक आणि 90 मीटरवरची पांढरी! हिंदी महासागरातल्या डायपोलमुळे, म्हणजे पूर्व आणि पश्चिम भागातल्या पाण्याच्या तापमानात अधूनमधून पडणाऱ्या फरकामुळे, गरम पाण्याचा थर खाली सरकला होता. लक्षद्वीप आणि चागोस समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर आहेत, म्हणजे हे काही कुठलं तरी लांबचं प्रकरण नाहीये.

राहिला खालून भरून निघण्याचा मुद्दा. बर्म्युडात दोन जातींची वरची आणि 40 मीटरवरची कोरलं जनुकांवरून ताडून बघितली, तर एका जातीत वर-खाली देवाणघेवाण होती, दुसरीत जवळपास नव्हतीच. म्हणजे काही जातींना खालून मदत मिळू शकते, हे मी मान्य करतो. पण उथळ पाण्यातल्या बऱ्याच जाती 100 मीटरवर राहतच नाहीत, मग त्यांची पिल्लं खालून येणार कुठून?