'कॅनेडियन एक्सपिरियन्स आहे का?'

धाकट्या भावाचं कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलं तेव्हा आईने मुलुंडच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. सोसायटीच्या लेखी तो अजूनही 'कॅनडात इंजिनिअर' आहे. आता ओंटारियोत, म्हणजे तो राहतो त्या प्रांतात, लायसन्सशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणंच बेकायदा, हे आईला कोण सांगणार? तो टोरंटोजवळ एका गोदामात रात्रपाळीला खोकी लावतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजले की तिकडे रात्रीचे दहा. कामावर निघताना फोन करतो. आई विचारते, जेवलास का? नोकरीचा विषय कुणीच काढत नाही.

एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कॅनडा सरकारच्या पीआरच्या योजनेत, डिग्री, वय, इंग्रजी, अनुभव, सगळ्याचे पॉइंट मोजून त्यांनीच त्याला बोलावलं. डिग्री तपासून 'आमच्या डिग्रीच्या तोडीची' असा रिपोर्टही दिला. पण तो रिपोर्ट इमिग्रेशनपुरता. लायसन्स प्रांताचं, त्याच्या परीक्षा वेगळ्या, चार वर्षांच्या अनुभवाचा हिशेब वेगळा. त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच हवं ही अट २०२३ मध्ये गेली. १ जानेवारी २०२६ पासून तर ओंटारियोत पंचवीस किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना जाहिरातीतही 'कॅनेडियन एक्सपिरियन्स' मागता येत नाही. उत्तम. इंटरव्ह्यूचे फोन मात्र अजून येत नाहीत.

मेट्रो ३ च्या भुयारात सहा वर्षं काढलेला माणूस. त्याने बायोडेटातून फोटो काढला, जन्मतारीख काढली, पाच पानांची दोन केली. गोदामासाठी एम.टेक.सुद्धा खोडलं, जास्त शिकलेला टिकत नाही म्हणतात.

'कॅनेडियन एक्सपिरियन्स' मागणाऱ्या त्या लोकांचा मला राग यायचा. मी स्वतः इथे एका बांधकाम कंपनीत भरती बघते. मागच्या महिन्यात नांदेडहून आलेल्या एका मुलाला मी सवयीने विचारलं, "मुंबईत काम केलंय का?" तो म्हणाला, "मॅडम, काँक्रीट तिकडेही तेच असतं." त्याला घेतलं नाही. (जागा एकच होती. हे आपलं माझं स्पष्टीकरण.)

परवा मावशीचा मुलगा आला. "ताई, दादाचा नंबर दे ना, मलाही अप्लाय करायचंय." आई समोरच बसलेली. चहा होईपर्यंत गप्प राहिले, मग त्याला सोडायला म्हणून खाली गेटपर्यंत गेले. म्हटलं, एजंटकडे नंतर जा. आधी तुझ्या कामाचं तिथलं लायसन्स कोण देतं ते शोध, त्यांच्या अटी वाच, युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा) इथे असतानाच काढून ठेव. आणि दादाला फोन करशील तेव्हा कुठे कामाला आहेस ते सरळ विचार. आम्हाला अजून जमलेलं नाही.