डेंटन, डिटन आणि दाजी

आमच्या हॉलमध्ये सध्या स्पीकरची चार लाकडी खोकी उभी आहेत. दोन डेंटन, दोन डिटन. आईच्या लक्षात यातलं एकही नाव राहत नाही, म्हणून ती एका जोडीला 'देवळालीची' म्हणते आणि दुसरीला 'बोटीवरची'. तिची पद्धत जास्त सोयीची आहे. देवळालीची म्हणजे व्हार्फडेल डेंटन. कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथून ती एका शिसवी कपाटाबरोबर टेम्पोत बसून आली. कपाट बायकोला हवं होतं, त्यामुळे स्पीकरवर घरात फार चर्चा झाली नाही. बोटीवरची म्हणजे सेलेस्टियन डिटन १५. माझ्या मावशीचे यजमान मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी सत्तरच्या दशकात ती आणली आणि पुढे मावशीने तिच्यावर फ्लॉवरपॉट ठेवून तिला संसाराला लावलं.

साहेबाने नावं मात्र गावांवरून ठेवली आहेत. यॉर्कशरमध्ये व्हार्फ नावाची नदी आहे, तिचं खोरं म्हणजे व्हार्फडेल, आणि डेंटन हे त्या खोऱ्यातलं एक गाव. डिटन आलं थेम्स डिटनवरून, तिथे सेलेस्टियनचा कारखाना होता. हाच उद्योग कुणी गोदेकाठी काढला असता तर बाजारात 'आडगाव' आणि 'मखमलाबाद १५' आले असते, आणि मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो असतो, "मखमलाबादचा बास जरा सुटतोय."

तर प्रश्न असा की दोन्हीतली एकच जोडी राहणार. हा निकाल वरच्या कोर्टाचा आहे. "दिवाळीआधी रंग काढायचाय. एक जोडी ठेवा, एक काढा. कुठली, ते तुमचं तुम्ही बघा," एवढं बोलून कोर्ट भाजी आणायला गेलं.

वरवर पाहता हे सोपं आहे. दोन्ही ऐकायच्या, जी आवडेल ती ठेवायची. साडी घेताना बायका असंच करतात असं मी बोलूनही दाखवलं. साडी घेताना बायका कशा करतात हे मला माहीत नसल्याचं त्यावर समजलं.

आधी डिटनबद्दल सांगतो, कारण तो गमतीचा प्राणी आहे. जाळी काढली की आत दोन मोठे गोल दिसतात, आठ-आठ इंची. बघणारा खूश होतो, की वा, डबल वूफर, म्हणजे बास काढणारे गोल दोन-दोन! प्रत्यक्षात त्यातल्या एकालाच वायर जाते. दुसऱ्याला मॅग्नेट नाही, कॉइल नाही, काही नाही. पहिला हलला की पेटीतली हवा दाबली जाते आणि त्या हवेवर हा दुसरा डोलतो. ऑक्झिलरी बास रेडिएटर असं त्याचं भारदस्त नाव आहे. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे एक सदस्य आहेत. त्यांचं कनेक्शन कुठेच नाही, पण सेक्रेटरी बोलले की ते मान हलवतात आणि ठरावाला वजन येतं. डिटनचा खालचा बास असाच वजनदार येतो, हे मान्य केलं पाहिजे. डेंटन बिचारा बुटका, बंद पेटीचा. जे वूफरला झेपेल तेवढंच बोलतो.

आता तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा लागतो. हे फार महत्त्वाचं आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही. एखादा डेसिबलभर फरक असला तरी कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. खुला, भरीव, जिवंत वगैरे सगळी विशेषणं त्या एका डेसिबलला मिळतात. बरं, तीन डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला दुप्पट वॉट ढकलावे लागतात, म्हणजे एका जोडीला कमी ताकदीत जास्त आवाज काढायची सवय असली की ती न खेळताच सामना जिंकते. म्हणून मोबाइलवर आवाजाचं मीटर घेतलं आणि पिंक नॉइज लावला. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा असते. ऐकायला तो नुसता अखंड 'श्शऽऽ' असतो. मी व्हॉल्यूमचं बटण केसभर फिरवत, कागदावर खुणा करत बसलो होतो, तोवर खालच्या मजल्यावरचे काका गच्चीवर जाऊन आले. दारात उभे. "टाकी भरून वाहतेय म्हटलं. वरून तर कोरडी आहे." मी म्हटलं, "काका, हा पिंक नॉइज." ते आत डोकावले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "रंग काढताय का? पिंक नका लावू."

मग जागेचा प्रश्न. स्पीकर भिंतीला चिकटला की बास वाढतो, कोपऱ्यात गेला की आणखी वाढतो. आमच्या हॉलचे दोन कोपरे शोकेस आणि देव्हारा यांच्या ताब्यात आहेत, म्हणजे डिटनला उरला तो बाल्कनीकडचा. तिथे तो इतका घुमला की शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या थरथरल्या. फूटभर पुढे ओढला तर आवाज सुधारला, पण बाल्कनीचं दार उघडेना. शास्त्र असंही सांगतं की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. आमच्याकडे त्या त्रिकोणाचं टोक नेमकं स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन यांच्या रहदारीच्या रस्त्यावर येतं. तिथे खुर्ची टाकून डोळे मिटून बसलेल्या माणसाला ओल्या कपड्यांची बादली घेऊन जाणारी व्यक्ती काय म्हणते, ते इथे छापण्यासारखं नाही.

एमजी रोडच्या बाजूला जुने सेट दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना दोन्ही जोड्या दाखवल्या. मागची फळी काढून त्यांनी आत बॅटरी मारली आणि डॉक्टरी चेहरा केला. "कंडेन्सर म्हातारे झालेत." क्रॉसओव्हरमधले, म्हणजे जाड-बारीक आवाजाची वाटणी करणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांत सुकतात, त्यांची क्षमता सरकते आणि ट्विटरचा, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या गोलाचा, आवाज बदलतो. म्हणजे मी इतके दिवस ऐकत होतो तो डिटनचा आवाज, की त्याच्या कंडेन्सरच्या म्हातारपणाचा? हे मी बोलून दाखवलं. मिस्त्री सोल्डर पुसत म्हणाले, "साहेब, तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. तुमचं वय काय?" मी विषय बदलून बिलाचं विचारलं.

चाचणीला तबकडी कुठली लावायची यावर मी बराच विचार केला आणि शेवटी द. वि. पलुस्कर काढले. एक तर ते नाशिकचे, इथेच १९२१ साली जन्मले. आणि मनुष्यकंठासारखी परीक्षा नाही. गाण्यातल्या आवाजात खोटेपणा आला की तो अडाणी कानालाही कळतो. आई सुपारी कातरत ऐकत होती. बायकोने सहज विचारलं, "यात डावीकडून काय येतं आणि उजवीकडून काय?"

मी म्हटलं, "अगं, पलुस्कर गेले १९५५ मध्ये. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्यानंतर. हे सगळं मोनो आहे, दोन्हीकडून तेच."

"म्हणजे एकच खोकं पुरे."

"..."

"आणि तुम्ही चार मांडलीत."

यावर खरं उत्तर आहे. मोनो आवाजावरच स्पीकरचा स्वभाव जास्त नीट कळतो, कारण स्टिरिओच्या पसाऱ्यात त्याचे दोष लपून जातात, आणि म्हणून जाणकार तुलनेला एकेकच पेटी वाजवतात. पण हे उत्तर दिलं असतं तर उरलेल्या दोन पेट्या त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेल्या असत्या. मी तबकडी उलटली.

आईने मात्र निकाल देऊन टाकला. "देवळालीचीवर शब्द कळतात. बोटीवरचीवर तंबोरा पुढे बसलाय आणि बुवा मागे." यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. बास वाढला की तंबोऱ्याचा खर्ज फुगतो आणि गळ्याच्या अंगावर येतो. गंमत म्हणजे मला तो फुगलेला खर्जच आवडला होता.

व्हार्फडेल कंपनी काढणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्जने १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भर सभेत खऱ्या वादकांसमोर स्पीकर वाजवून दाखवले होते. खरं कुठलं आणि ध्वनिमुद्रित कुठलं, हे लोकांनी ओळखायचं. एवढा मोठा घाट घालायला धाडस लागतं. नाशकात तो आपोआप घातला जातो. गणपती जवळ आले होते, समोरच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला आणि पहिल्याच ठोक्याला खिडकीच्या काचेने दाद दिली. मी दोन्ही जोड्या आळीपाळीने लावून पाहिल्या. आठ इंची गोल, वायरीचे, बिनवायरीचे, सगळे एकसारखे गप्प दिसत होते. बासवर मोठमोठे वाद घालणाऱ्यांनी एकदा भाद्रपदात नाशिकला येऊन जावं.

अशा वातावरणात मेहुणे आले. त्यांच्याकडे घरभर स्पीकर टांगलेला होम थिएटर आहे, त्यामुळे आवाजातलं त्यांना कळतं असं माझ्या सासुरवाडीत मानतात. "सरका दाजी, मी जोडतो." त्यांनी डिटन जोडले, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, काय क्लिअर झालं! बासची सगळी घाण गेली." घाण जाणारच होती. एका पेटीच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या होत्या. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि बास एकमेकांत जिरून संपतो. वायरी सरळ केल्यावर ते म्हणाले की मघाशीच बरं होतं.

मग ठरलं की डोळे बांधून ऐकायचं. कानाची आठवण काही सेकंदच टिकते, म्हणून वायरी बदलत बसून चालत नाही, ॲम्प्लिफायरवरचं, एका जोडीवरून दुसरीवर नेणारं ए-बीचं बटण पटापट दाबावं लागतं. ते काम आईला दिलं आणि मेहुण्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"ए," आई म्हणाली. मेहुण्यांनी मान डोलावली.

"बी."

"हां! आता कसं! मैफलीत पहिल्या रांगेत बसल्यासारखं. दाजी, फरक जमीन-अस्मानाचा आहे. ही ठेवा, डोळे झाकून ठेवा."

"डोळे झाकलेलेच आहेत," बायको म्हणाली.

आई दोन्ही अंगठ्यांनी बटण रेटत होती. "थांब रे बाबा, अजून दाबलंच गेलं नाहीये. फार कडक आहे हे."

शेवटी मी आईचा निकाल मानला. आमच्याकडे रात्री हळू आवाजात गळाच जास्त ऐकला जातो, तेव्हा डेंटन राहणार आणि डिटन विकायचा. किंमत घालून फोटो टाकले. नाशिकरोडहून एका गृहस्थांचा फोन आला, रविवारी येतो म्हणाले. आले ते रिक्षातून, आणि रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी वर चढवली ती स्वतःची जुनी सोनोडाइनची जोडी.

"तुलनेला आणलीय, सर. तसं कळत नाही."

त्यांचा माझ्यापेक्षा तयार कान होता. त्यांनी पिंक नॉइजचा आग्रह धरला, खालचे काका पुन्हा गच्चीवर जाऊन आले, बाल्कनीचं दार पुन्हा बंद झालं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "घाईत ठरवायला नको. असं करू, माझी जोडी इथेच राहू द्या. तुम्ही सावकाश ऐका आणि मला सांगा."

बायकोने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे रंग कधी काढताय?"

गृहस्थांनी बशीत चहा ओतला. "परवापासून, वहिनी."