सात पावांचे प्रकरण

स्टॉकहोमला राहायला आल्यावर स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिशच्या वर्गात मी काहीशा घमेंडीतच नाव घातले, कारण ज्या जिभेने बालपणीच ‘काळे राळे गोरे राळे’ पचवले होते, तिला युरोपातील एखादी भाषा काय जड जाणार? सुरुवातीस ही घमेंड टिकलीही. स्वीडिशमध्ये र-च्या मागोमाग त, द, न, ल किंवा स आला की दोहोंचे मिळून ट, ड, ण, ळ, ष होतात. त्यामुळे तेथे मुलाला ‘बाण’ आणि टेबलाला ‘बूड’ म्हणतात, आणि ज्या ळ-पायी शेजारच्या बाकावरचे सद्गृहस्थ घामाघूम होत, तो मी कोणी न विचारताही काढून दाखवीत असे. (दक्षिणेकडील स्कोने प्रांतात र घशातून निघत असल्याने ही चैन नाही; त्या बाजूला मी फिरकत नाही.)

मग स्वर आले. ‘ई’ म्हणता म्हणता जबडा आणि जीभ जागच्या जागी ठेवून केवळ ओठ पुढे काढले की एक नवा स्वर होतो, आणि तेच ओठ आवळून घेतले की आणखी निराळा. बाईंनी सरावासाठी आरसा दिला; त्यात मला शिट्टी वाजवायला निघालेला मासा दिसला.

खरा घात मात्र सात या आकड्याने केला. त्याच्या आरंभीचा ध्वनी ना स, ना श, ना ख. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याला स्वतंत्र चिन्ह आहे, परंतु तो काढताना जीभ नेमके काय करते, यावर ध्वनिशास्त्रज्ञांचेही एकमत नाही. गरम चहावर फुंकर घालीत ‘हू’ म्हणावे, असे बाईंनी सुचवले.

एका शनिवारी पाहुणे यायचे होते, म्हणून बेकरीत मी दालचिनीचे सात पाव मागितले. ऐन वेळी फुंकर विसरलो, जीभ सवयीने टाळूला भिडली, आणि माझा ‘श्यू’ म्हणजे वीसच्या ‘श्यूगो’चा पूर्वार्ध असे समजून काउंटरवरच्या मुलीने वीस पाव बांधले. चूक सुधारायची तर पुन्हा सातच म्हणावे लागणार होते, म्हणून मी मुकाट्याने पैसे दिले.

आता मी सहा मागून वर एक घेतला असता, परंतु सहाला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे, तो उच्चाराला अत्यंत सोपा असूनही मराठी माणसाला चारचौघांत मोठ्याने म्हणवत नाही. त्यामुळे पाच पाव घेतो, रांगेत पुन्हा उभा राहतो आणि दोन घेतो.