मैलभराची वाट

"बाबा, जेमतेम मैलभर वाट आहे. लोअर स्लॉटर ते अप्पर स्लॉटर," इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स भागात नेताना मुलगा म्हणाला.

"स्लॉटर म्हणजे कत्तल ना हो?" हिने मला कोपराने ढोसलं.

"आई, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिखलाची जागा."

हिचा जीव भांड्यात पडला. पाय चिखलात पडायचे बाकी होते.

गाव मात्र देखणं. मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं, छपरंही दगडी पाट्यांची. दारातून आय नावाची नदी वाहते. नदी म्हणे! रत्नागिरीत आम्ही याला पऱ्ह्या म्हणतो. आणि शेतांना दगडावर दगड रचलेली कुंपणं, मध्ये ना चुना ना सिमेंट. "अगं, हा तर आपला गडगा!" मी ओरडलोच. फक्त वरचे दगड फळीवरच्या पुस्तकांसारखे उभे लावलेले.

वाट थेट कुणाच्या तरी शेतातून. पिवळा बाण दिसला की बिनधास्त घुसायचं. आमच्याकडे वहिवाटीच्या वाटेपायी तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे ती नकाशातच छापलेली!

मग आलं किसिंग गेट. नावावर जाऊ नका. अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक. गुरं अडावीत, माणूस सुटावा अशी योजना. माझ्या पाठीवर थर्मास, थालीपीठं आणि तिघांचे स्वेटर. त्यामुळे फाटकाने माझी गणना गुरांत केली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागे एक म्हातारं इंग्रज जोडपं येऊन थांबलं. अडकलो होतो मी आणि सॉरी म्हणत होते ते.

सुटलो, तर समोर गाई. हिने भक्तिभावाने हात जोडले. त्यांना थालीपिठाचा वास लागला असावा, कारण अख्खा कळप दर्शन द्यायला निघाला. "पळायचं नाही!" मुलगा ओरडला, तेव्हा माझा डावा बूट चिखलात आणि मी दहा पावलं पुढे होतो.

अप्पर स्लॉटरला पोहोचलो. एक भारी हॉटेल दिसलं, पण माझा मोजा बघून आत जायचा धीर होईना. चहा म्हणे आता थेट बोर्टन गावाला, म्हणजे आल्या वाटेने मागे आणि वर आणखी मैलभर.

"या गावचे दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले सगळे जिवंत परत आले, बाबा," मुलाने माहिती पुरवली.

त्यांच्या वाटेत फाटक नसणार.