कळव्याच्या काकांना उत्तर: नबी, संदेष्टा, पैगंबर वगैरे

काका, तुम्ही कमेंटमध्ये स्वतःच वय ६८ लिहिलंय म्हणून काका म्हणते, राग मानू नका. रविवारी रात्री तुमची कमेंट वाचली, तावातावाने उत्तर टाइप केलं आणि अर्ध्यावर डिलीट केलं, कारण मुद्दे कमी आणि फणकारा जास्त झाला होता. हे आता तीन दिवस ठाणे-ऐरोली लोकलमध्ये येता-जाता तुकड्या-तुकड्याने लिहिलंय, तेव्हा सांधे दिसले तर समजून घ्या.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी, ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर) लिहिताना मी दोन वाक्यं टाकली होती. एक, नबी म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे. दुसरं, ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लिम यांच्या नबींच्या याद्या जवळपास सारख्याच आहेत. त्यावर काकांचं म्हणणं असं की भविष्य सांगत नव्हते तर मग बायबलमधले यशया-यिर्मया आयुष्यभर करत काय होते, नबी ओळखायची खरी खूण चमत्कार आणि ती मी सोयीस्करपणे टाळली, चमत्कारच धरायचा तर ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले मग ते नबी का नाहीत, आणि याद्या बिलकुल सारख्या नाहीत, मी 'सगळं गोड करून वाढलंय'. शेवटी एक खोचक प्रश्नही आहे, त्याकडे नंतर येते.

याद्यांचं आधी घेते कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी आळस केला. दानीएलचंच बघा. ख्रिश्चन बायबलमध्ये तो चार मोठ्या संदेष्ट्यांपैकी एक, यशया, यिर्मया, यहेज्केल आणि हा. ज्यू बायबलमध्ये तेच पुस्तक आहे, तेच सिंह, तीच गुहा, पण ते नबींच्या विभागात ठेवलेलंच नाही, शेवटच्या 'लेखां'च्या विभागात आहे. कुराणात त्याचं नाव नाही, पण मुस्लिम परंपरा त्याला नबी मानते. मी 'सारख्याच' लिहून मोकळी झाले, चूक आहे, मान्य.

पण ह्याच दानीएलमध्ये तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लपलंय. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहात, त्याची तुलना हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी या तिघांशी केलीय. तिथे म्हटलंय की एका बाबतीत तो त्यांच्याहून मोठा, कारण दृष्टान्त त्याला दिसला, त्यांना नाही. आणि एका बाबतीत ते मोठे, कारण ते नबी होते आणि तो नव्हता. म्हणजे ज्याला दिसलं तो नबी नाही, आणि ज्यांना दिसलं नाही ते नबी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक असेल. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी म्हणून मोठा भाष्यकार होऊन गेला, त्याने एका ओळीत उलगडा केलाय: त्या तिघांना लोकांकडे निरोप घेऊन पाठवलं होतं, दानीएलला कुणाकडे पाठवलंच नव्हतं. बास. पुढचं काय होणार ते कळणं वेगळं आणि पाठवलं जाणं वेगळं.

मराठीत आपला घोळ शब्दांपासूनच होतो. नबी हा शब्द हिब्रूत आणि अरबीत जवळजवळ एकच आहे. मराठी बायबल म्हणतं 'संदेष्टा'. आपण 'प्रेषित महंमद' म्हणतो, पण मराठी ख्रिश्चनांसाठी प्रेषित म्हणजे येशूचे बारा जण वगैरे, म्हणून त्या पुस्तकाचं नाव 'प्रेषितांची कृत्ये'. पैगंबर फारसी, पैगाम आणणारा. आता यातल्या कुठल्या शब्दात भविष्य आहे सांगा मला? सगळीकडे निरोप आहे आणि निरोप देऊन धाडणारा कुणीतरी आहे. अजून सोपं उदाहरण हवं तर मोशे. तो देवाला म्हणतो मी जड जिभेचा, मला बोलता येत नाही, तेव्हा देव म्हणतो तुझा भाऊ अहरोन तुझा 'नबी' होईल. अहरोनाने कुठलं भविष्य सांगायचं होतं? भावाच्या वतीने फारोसमोर (मिसरच्या राजासमोर) तोंड उघडायचं होतं, एवढंच.

म्हणजे भाकितं नव्हतीच असं मी म्हणत नाहीये. भरपूर होती, आणि बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की देवाच्या नावाने बोललेलं खरं झालं नाही तर ते बोलणं देवाचं नव्हतं. पण मग योनाचं काय करणार? तो निनवे शहरात जाऊन ओरडतो की अजून ४० दिवस आणि शहर पालथं होणार. शहरातले लोक घाबरून उपास धरतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गुराढोरांनाही उपास, आणि शहर वाचतं. भाकीत साफ फुकट गेलं, आणि नेमकं त्यासाठीच त्याला पाठवलं होतं. योनाला मात्र ते सहन होत नाही, तो शहराबाहेर जाऊन रुसून बसतो. (कुराणातही युनूसची ही माणसं वाचतात.) ज्योतिषाचं भविष्य चुकलं की दुकान बंद. नबीचा इशारा लोकांनी ऐकला की तो चुकतो, आणि चुकायलाच हवा.

यिर्मयाचा प्रसंग तर मला पोस्टमध्येच घालायचा होता, लांबी वाढेल म्हणून काढला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाची सुरुवात, बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेमचा राजा एकदा पकडून नेलाय, मंदिरातली भांडी नेलीत. यिर्मया मानेवर बैलाचं लाकडी जू घेऊन गावात फिरतोय आणि सांगतोय की बाबेलच्या जुवाखाली मान घाला, वाचाल. लोकांना कसं वाटलं असेल, देशद्रोहीच. मंदिरात सगळ्यांसमोर हनन्या नावाचा दुसरा नबी उठतो, तो पण 'परमेश्वर असं म्हणतो' याच शब्दांनी सुरुवात करतो, आणि सांगतो दोन वर्षांत सगळं परत येणार, राजा, भांडी, माणसं. यिर्मया काय म्हणतो, 'आमेन, असंच होवो.' खरंच असंच म्हणतो! मग एवढंच जोडतो की आपल्या आधीच्या नबींनी लढाया, दुष्काळ, रोगराईचे इशारे दिले, जो सुखाचं सांगतो त्याचं खरं झाल्यावरच कळेल की त्याला देवाने पाठवलं होतं. हनन्या पुढे येतो, त्याच्या मानेवरचं जू काढतो आणि मोडून टाकतो. टाळ्या पडल्या असतील, हे माझं आपलं. यिर्मया काही न बोलता निघून जातो. मागाहून येऊन सांगतो, लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल, आणि हनन्याला म्हणतो: परमेश्वराने तुला पाठवलेलं नाही. हनन्या त्याच वर्षी मरतो आणि ५८६ च्या सुमारास शहर पडतं. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर त्या दिवशी मंदिरात उभ्या असलेल्या माणसाला दोघांतला खरा कोण हे कळायची काही सोय नव्हती. दोघांची भाषा एक, देव एक, आणि हनन्याचा निरोप ऐकायला जास्त बरा.

आता चमत्कार. काका, मी टाळला नव्हता हो, पण ठीक आहे, सांगते. त्याच अनुवादाच्या तेराव्या अध्यायात आहे की कुणी चिन्ह दाखवलं, ते खरंही झालं, पण तो दुसऱ्या देवांकडे चला म्हणाला तर त्याचं ऐकू नका. म्हणजे चमत्कार खरा आणि माणूस खोटा, हे तिथे आधीच धरून चाललेत. कुराणात सतराव्या सूरेत (अध्यायात) मक्केचे लोक मुहम्मद पैगंबरांकडे अक्षरशः मागण्यांची यादी देतात, जमिनीतून झरा काढ, खजूर-द्राक्षांची बाग आण, सोन्याचं घर दाखव, आभाळात चढून जा आणि येताना वाचता येईल असं पुस्तक घेऊन ये. उत्तर येतं, मी एक माणूस, पाठवलेला, याहून दुसरा कोण आहे? आणि दुसरीकडे तक्रार अशी की हा कसला पैगंबर, हा तर जेवतो आणि बाजारात फिरतो. चमत्कार म्हणून इस्लाम मुख्यतः कुराणाकडेच बोट दाखवतो, की असं एक प्रकरण तरी रचून दाखवा. तेव्हा चमत्कारांना तिन्हीकडे जागा आहे, पण कसोटी म्हणून एकट्या त्यांच्यावर कुणीच विसंबत नाही.

ज्ञानोबांबद्दल. मला विचाराल तर फरक मोठं-लहान असण्याचा नाही, वाटेच्या दिशेचा आहे. आपला संत देवाकडे निघालेला असतो, त्याला भेटीची आस असते. नबीला बहुतेक वेळा नको असतं. मोशे म्हणतो दुसऱ्या कुणाला पाठव. यिर्मया म्हणतो मी पोरगा आहे. आमोस तर ठणकावून सांगतो की मी नबी नाही, नबीचा पोरगा नाही, मी गुरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. योना चक्क उलट दिशेचं जहाज पकडतो. मुहम्मद पैगंबर पहिला संदेश आल्यावर हिराच्या गुहेतून थरथरत घरी येतात आणि पत्नी खदीजांना म्हणतात मला पांघरूण घाला. हां, पण तुमच्या बाजूने एक गोष्ट मीच देते, ज्ञानोबांपेक्षा तुकोबा इथे जास्त जवळ येतात, ते म्हणतात साळुंकी गोड बोलते पण तिला शिकवणारा धनी वेगळाच, तसं माझं बोलणं माझं नाही. हे वाक्य कुठल्याही नबीच्या तोंडी शोभेल. तरी वारकऱ्यांनी तुकोबांना त्या साच्यात बसवलं नाही, संत म्हटलं, आणि मला वाटतं ते बरंच केलं.

दावीदवर तुम्ही वेगळी टिप्पणी केलीय की ज्यूंचा राजा मुसलमानांचा नबी कसा. ज्यू परंपरेतही त्याला नबींच्या यादीत धरणारे आहेत, पण त्याची मुख्य ओळख राजा, आणि दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला लढाईत मारवल्यावर त्याला तोंडावर 'तो माणूस तूच' म्हणायला नाथान जातो, तो नबी. नाथान गोष्ट काय सांगतो, तर श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावली. कुराणात दाऊद नबी आहेत, जबूर त्यांना मिळालेला ग्रंथ, आणि नबी मोठ्या पापापासून राखलेला असतो ही तिथली प्रमुख समजूत, म्हणून ते बायकोचं प्रकरण नाही. पण मेंढी आहे! दोन भांडणारे दाऊदांकडे येतात, एकाकडे ९९ आणि दुसऱ्याकडे एकच, आणि दाऊदांना कळतं की ही आपली परीक्षा होती. तीच मेंढी, पण नबी कसा असावा याची कल्पना बदलली की गोष्ट बदलते.

बायकांचं तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणार. तालमूद ४८ पुरुष आणि ७ स्त्री नबी मोजतो. त्यातली हुल्दा बघा, मंदिरात जुना ग्रंथ सापडला आणि राजा योशीया हादरला, तेव्हा खात्री करून घ्यायला त्याची माणसं गेली ती हुल्दाकडे, आणि यिर्मया तेव्हा हयात होता बरं का. इस्लाममध्ये बहुतेकांचं मत स्त्री नबी नाही असं, पण स्पेनमधल्या कोर्दोबाचा विद्वान इब्न हज्म म्हणाला की येशूची आई मरियम हिला नबी म्हणायला हरकत नाही.

आता ठाण्याचं, कारण मूळ पोस्ट त्यावर होती. आमच्या ओळखीच्या एक बेने इस्राएल (आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू) मावशी आहेत, त्यांच्याकडे मलिद्याला गेले होते (आपल्याकडे मलिदा म्हटलं की टेंडर आठवतं, पण हा खरा मलिदा, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं). ताट मधे ठेवून 'एलियाहू हन्नाबी'चं, म्हणजे एलीया नबीचं, नाव घेतात, आणि कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. तो मेलाच नाही, अग्निरथातून वर गेला असं मानतात, आणि तो परत येणार असं मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. त्या सिनेगॉगपासून चालत तलावपाळीला या, तिथे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. हा योहान कोण, तर येशू म्हणतात तुम्हाला मानायचं असेल तर येणारा एलीया तो हाच. आणि योहानाला स्वतःला विचारलं तू एलीया का, तर तो म्हणाला नाही. कुराणात हाच याह्या, तोही नबी आणि इलियास (एलीया) हाही नबी, दोघं वेगळे, भानगडच नाही. मी लिहिलेलं 'सारख्याच' हे वाक्य खरं तर ह्या पंधरा मिनिटांच्या चालण्यावरच निकालात निघतं.

राहिला तुमचा खोचक प्रश्न, 'उद्या कोणी ठाणे स्टेशनला उभा राहून मीच नबी म्हणाला तर ओळखणार कसं मॅडम?' राबोडीच्या मुस्लिम मित्राला विचारलं, तो दोन सेकंदांत म्हणाला, विषयच नाही, शिक्का बसलाय, मुहम्मद पैगंबर शेवटचे. ज्यूंच्यात मलाखीनंतर दार बंद, आणि रब्बी योहानान म्हणून गेलेत की यरुशलेमचं मंदिर पडल्यापासून नबीपण काढून वेड्यांना आणि पोरांना दिलं. सगळ्यात व्यवहारी उत्तर सुरुवातीच्या ख्रिश्चनांचं, कारण त्यांच्याकडे येशूनंतरही गावोगाव फिरणारे संदेष्टे येत होते आणि उतरत होते लोकांच्याच घरी. दिदाखे नावाची एक जुनी छोटी नियमावली आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. त्यात म्हटलंय, फिरता प्रेषित आला तर मान द्या, एक दिवस ठेवा, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलेना तर खोटा. जाताना भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आणि अंगात आल्यावर जेवण मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला तर तोही खोटा.

दानीएलची आणि याद्यांची ओळ आज रात्री बदलते. सिनेगॉगचं साल मात्र १८७९ च आहे, तुम्ही लिहिलंय ते नव्हे, ते बदलणार नाही. चला, ऐरोली आलं.