वेधशाळेसाठी बदललेली गाडी

दुहेरी व्होल्टेजच्या, म्हणजे डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) आणि एसी (दिशा बदलत राहणारा करंट) अशा दोन्हींवर धावणाऱ्या गाडीला रेल्वेप्रेमी मंडळी सर्रास 'तडजोड' म्हणतात. दोन्हीकडची यंत्रणा वागवा, वजन वाढवा, खर्च वाढवा. त्यापेक्षा अख्खी लाइन एकाच करंटवर आणा ना! मुंबईत आपण तेच केलं. पश्चिम रेल्वे 2012 मध्ये आणि शेवटी हार्बर 2016 मध्ये डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर आली. योग्यच झालं. पण जपानच्या जोबान लाइनवरच्या ई657 या दुहेरी व्होल्टेजच्या गाडीला कोणी तडजोड म्हटलं की मला पटत नाही.

टोकियोहून मितो, इवाकीमार्गे सेंदाईला जाणारी 'हिताची' लिमिटेड एक्सप्रेस म्हणजे हीच दहा डब्यांची गाडी. टोकियोच्या बाजूला 1500 व्होल्ट डीसी. तोरिदे सोडलं की फुजिशिरोच्या आधी तारेचा एक तुकडा बिनविजेचा. तेवढं अंतर गाडी आपल्या वेगावरच काढते आणि पलीकडे 20,000 व्होल्ट एसी घेते. जुन्या लोकलमध्ये इथे दिवे जायचे. ई657 मध्ये बसलेल्याला काही कळतसुद्धा नाही.

हा सगळा खटाटोप याच परिसरातल्या काकिओका या गावासाठी. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची वेधशाळा आहे. डीसीचा परतीचा करंट रुळांतून थोडा जमिनीत झिरपतो आणि तिथल्या नाजूक नोंदी बिघडवतो. एसीची दिशा सतत उलटसुलट होत असल्याने तो त्रास होत नाही.

आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेने 1859 चं प्रचंड सौर वादळ टिपलं होतं. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचं काम 1904 मध्ये अलिबागला हलवावं लागलं. काकिओकाची वेधशाळाही टोकियोच्या ट्रामपासून लांब म्हणूनच तिथे गेली. पण पुढे विजेची रेल्वे तिथवर येऊ लागली तेव्हा वेधशाळा जागची हलली नाही, गाडी बदलली. इतक्या वर्षांची सलग नोंद एकदा तुटली की पैसे ओतून परत मिळत नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र विकत मिळतो.

याची झळ प्रवाशांना बसते, हे खरं. डीसीवाल्या लोकल तोरिदेपुढे जाऊच शकत नाहीत, आणि पलीकडे राहणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. तरी मी वेधशाळेच्याच बाजूने. 2005 मध्ये त्याच भागात त्सुकुबा एक्सप्रेसची कोरी लाइन टाकली, तेव्हाही मोरियापर्यंत डीसी आणि पुढे एसी असंच ठेवलं, आणि त्सुकुबापर्यंत जाणाऱ्या गाड्या दुहेरी व्होल्टेजच्याच घेतल्या.